उताणी चिप

वहिनींना ऑफिसात सगळे 'वहिनी' म्हणत आणि त्यांतल्या निम्म्या लोकांना ते त्यांचं नावच वाटे. परक्या देशात दीर-भावजय हे नातं कोणाला कळायला बसलंय? भावोजी हाक मारायचे, "वहिनी, कुरिअर आलं का?" ते ऐकून ऐकून टेस्टिंगची मुलगी, सफाईवाला, खालचा टायरवाला, सगळेच वहिनी-वहिनी करायला लागले. एका कंपनीने तर पाकिटावर 'श्रीमती वहिनी' असं छापून पाठवलं. वहिनींनी ते कधी दुरुस्त केलं नाही. हुद्दा असा त्यांना नव्हताच. खुर्च्या आणणं, फोन घेणं, पगार वेळेवर करणं आणि भावोजी जेवायचे विसरले की त्यांच्यापुढे डबा आदळणं, एवढं सगळं त्या एका हाकेत मावत होतं.

आज भावोजींची कंपनी काचेच्या मोठ्या इमारतीत आहे. कानाचं मशीन लावणारी कितीतरी माणसं त्यांच्या चिपमुळे नातवंडांचं बोलणं ऐकतात. मुलाखत घ्यायला पत्रकार येतात आणि हटकून विचारतात, तुमच्या यशाचं रहस्य काय? भावोजी मान खाली घालून "माणसं चांगली मिळाली" असं काहीतरी गुळमुळीत सांगतात. वहिनी तिथेच कुठेतरी चहाच्या कपांवर नजर ठेवून उभ्या असतात. त्यांना दर वेळी वाटतं, मेलं एकदा खरं काय ते सांगून टाकावं. माणसं चांगली मिळाली हे कबूल, पण त्यांतलं एक माणूस हातचं जाता जाता राहिलं. आणि ते माणूस वहिनींचा नवरा होता.

नवरा म्हणजे दादा. या देशात आधी आले ते दादा. रबरी शिक्के करण्याच्या दुकानात त्यांना काम मिळालं. शिक्क्यावरचं अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते कागदावर सरळ उमटतं. दादांनी वर्षानुवर्षं उलटी अक्षरं कोरली. त्यांचा हात आणि डोळा असा तयार झाला होता, की आरशात धरलेलं वर्तमानपत्र ते घडाघडा वाचून दाखवत. पाहुणे आले की हा खेळ ठरलेला असायचा, आणि वहिनींना त्याचा मनापासून कंटाळा आला होता.

स्थिरस्थावर झाल्यावर दादांनी धाकट्या भावाला बोलावून घेतलं. आईवडील लवकर गेलेले, त्यामुळे दादांनी त्याला भावासारखं कमी आणि मुलासारखं जास्त वाढवलं होतं. त्याला, म्हणजेच वहिनींच्या भावोजींना, ते 'बारक्या' म्हणत. बारक्या विमानतळावरून आला तो एक स्वेटर आणि सर्दी घेऊन. दुसऱ्या दिवशी दादा त्याला हाताला धरून कॉलेजात घेऊन गेले. वाटेत त्यांनी त्याला रस्ता कसा ओलांडायचा हेही शिकवलं. बारक्या तेव्हा चांगला मिशी फुटलेला गडी होता, पण त्याने निमूटपणे शिकून घेतलं.

पुढे बारक्याला एका मोठ्या चिप-कंपनीत नोकरी लागली. सुरुवात अगदी तळापासून, कारखान्यात. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, नुसते डोळे उघडे. घरी येऊन तो सांगायचा, "वहिनी, तिथे धुळीचा एक कण म्हणजे रस्त्यात पडलेला धोंडा हो!" नोकरी करत करत तो आणखी शिकला आणि चिप भाजणाऱ्यांतून चिप आखणाऱ्यांत जाऊन बसला. त्याची बुद्धी अशी, की ज्या गाठीपाशी चार जण डोकं धरून बसलेत ती हा जेवता जेवता सोडवून ठेवायचा. कंपनीच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या चिपचं अर्धं काम त्याचं होतं. पण मुख्याची जागा रिकामी झाली, की तिथे कोणीतरी दुसराच येऊन बसे. "तुमचं काम उत्तम आहे," त्याला सांगण्यात येई, "पण ग्राहकांपुढे बोलायचं म्हणजे, तुमचे उच्चार जरा..."

हे तो हसत हसत सांगायचा. वहिनींची मात्र तळपायाची आग मस्तकात जायची. त्या साहेबाच्या दारात जाऊन त्याला चार गोष्टी सुनवाव्या, आपल्या उच्चारांत, असं त्यांच्या फार मनात होतं. पण दादा म्हणायचे, "त्याचं त्याला बघू दे."

त्याने बघितलं ते असं. कंपनीच्या कँटीनमध्ये एक म्हातारे फोरमन जेवायला बसले, की कानातलं मशीन काढून खिशात टाकत. बारक्याने कारण विचारलं. ते म्हणाले, "गर्दीत हे लावून काय करू? सगळ्या आवाजांचा लगदा होतो. समोरचा काय बोलतोय ते कळत नाही आणि चमच्यांचा खणखणाट मात्र डोक्यात शिरतो." झालं. बारक्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढणारी आणि बॅटरी न खाणारी एक इवलीशी चिप करायची. साहेबाने ऐकून घेतलं आणि सांगितलं, म्हाताऱ्यांच्या कानात धंदा नसतो.

बारक्याने नोकरी सोडली. ओळखीपाळखीच्या सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. दादांनी मात्र एवढंच विचारलं, "जागा बघितलीस का?" आणि थोड्या दिवसांनी शिक्क्यांचं दुकान सोडून तेही त्याच्याबरोबर गेले. उतारवयाकडे झुकलेला माणूस कंप्युटरवर ड्रॉइंग काढायला शिकला. रेघ तर त्यांच्या हातात होतीच.

जागा म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक बंद पडलेला दातांचा दवाखाना. प्रत्येक खोलीत चूळ भरायचं बेसिन. डॉक्टरांचा हवा तसा वळणारा मोठा दिवा तिथेच राहिला होता, तो सोल्डरिंगच्या टेबलावर कामाला आला. खालून दिवसभर हातोड्यांची आदळआपट आणि हवेच्या पंपाचं फुसफुसणं. वहिनी पहिल्या दिवशी नाकाला पदर लावून आत शिरल्या आणि म्हणाल्या, "इथे माणसाच्या कानाचा विचार करायचाय होय तुम्हाला?"

कामाच्या बाबतीत भावोजी एरवी मऊ माणूस, पण एका नियमाला मात्र ते पक्के होते. एकाने काढलेलं ड्रॉइंग दुसऱ्याने तपासल्याशिवाय बाहेर जायचं नाही. तपासायचं म्हणजे नुसती नजर टाकायची नाही. मोठ्या कागदावर छापून घ्यायचं, आणि एकेका रेघेवरून रंगीत पेन्सिल फिरवायची. बरोबर असेल तिथे पिवळी, चूक असेल तिथे लाल. चिप एकदा कारखान्यात गेली की महिनोन् महिने परत येत नाही, आणि आल्यावर खोडरबर चालत नाही. टेस्टिंगच्या मुलीने एकदा खुद्द भावोजींचं ड्रॉइंग लालेलाल करून टाकलं होतं. वयाने ती कालची पोर. भावोजींनी सगळ्यांसमोर तिचे आभार मानले. वहिनींना त्या दिवशी दिराचा इतका अभिमान वाटला, की त्यांनी घरी जाऊन दादांना ते दोनदा सांगितलं.

चिपा आल्या तो सोमवार होता. गुरुवारी गिऱ्हाईक येणार होतं. कानाची मशीनं बनवणाऱ्या कंपनीच्या मुख्य बाई स्वतः येणार होत्या. त्या स्वतःही मशीन लावत. भावोजींची जुनी कंपनी आता अचानक जागी झाली होती आणि तसलीच चिप करून देतो म्हणून बाईंच्या मागे लागली होती. गुरुवारी काम दिसलं नाही तर बाई तिकडे जाणार, हे उघड होतं. मग दवाखान्याला पुन्हा कुलूप, आणि भावोजींच्या शब्दावर बऱ्या नोकऱ्या सोडून आलेली ही पाच-सहा माणसं रस्त्यावर.

टेस्टिंगच्या मुलीने पहिली चिप बोर्डावर बसवली आणि बटण दाबलं. सगळे श्वास रोखून उभे. काही झालं नाही. मग वहिनींना वास आला. स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या बाईला जळकं आधी कळतं. "अगं, बंद कर, जळतंय ते!" त्या ओरडल्या.

दुसरी लावली, तीही गेली. भावोजींनी तिसरी लावू दिली नाही. ते मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. मग त्यांनी चिप चिमटीत धरली, तिचे चोवीस पाय खाली करून पाहिलं, वर करून पाहिलं, आणि टेबलावर हळूच उताणी ठेवली.

"आतलं सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पाय उलटे जोडले गेलेत. डावीकडचे उजवीकडे. कारखान्याने ड्रॉइंगप्रमाणेच केलंय. ड्रॉइंग खालच्या बाजूने बघून काढलेलं आहे, ते वरच्या बाजूने बघून काढायला हवं होतं. आरशातलं झालं."

आरसा म्हटल्याबरोबर वहिनींनी दादांकडे पाहिलं. चिपच्या आतलं कुठलं टोक बाहेरच्या कुठल्या पायाला जोडायचं, ते ड्रॉइंग दादांचं होतं. सगळं आयुष्य उलटं तेच सरळ म्हणून कोरलेला माणूस. त्यांच्या डोळ्याला त्यात काही वावगं दिसलंच नसणार. दादांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पण हे तपासलं कोणी होतं?" टेस्टिंगच्या मुलीने विचारलं. बिचारीच्या मनात काही नव्हतं. नियमच होता तसा.

"तपासणारा मी," भावोजी म्हणाले.

"मग तुझ्याही नजरेतून सुटलं?" दादांनी विचारलं. त्यांच्या आवाजात थोडी धुगधुगी आली होती. दोघांच्याही हातून निसटावी अशीच ती चूक असेल, तर मग माणूस एकटा तरी पडत नाही.

भावोजींनी चिप पुन्हा चिमटीत उचलली. ते म्हणाले, "नवा बोर्ड करून यायला पंधरवडा लागेल. तेवढा वेळ नाही. चिप उताणीच बसवू. उलट्याचं उलटं केलं की सरळ होतं. पाय वर येतील, मग प्रत्येक पायापासून खाली बोर्डापर्यंत तार ओढायची." आमच्या धंद्यात याला मेलेलं झुरळ म्हणतात, असंही त्यांनी सांगितलं, आणि सगळे कसनुसे हसले. दादा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भावोजी टेबलाला बसले. केसाएवढ्या तारा, आणि पाय म्हणजे तांदळाच्या कणीचं टोक. वहिनी दातांच्या डॉक्टरांचा दिवा हव्या त्या कोनात धरून उभ्या होत्या. खाली टायरवाल्याचा हातोडा पडला की टेबल थरथरायचं. भावोजी दोन ठोक्यांच्या मधली वेळ साधून डाग द्यायचे. एकदाही घाई नाही, एकदाही चिडणं नाही. कंपनी बुडायची वेळ आली होती, पण या माणसाच्या बोटांना त्याचा पत्ता नव्हता. वहिनींचे हात भरून आले, पण त्यांनी दिवा हलू दिला नाही. असा माणूस आपल्या घरात वाढला, आपल्या हातचं जेवून वाढला, हे त्यांच्या मनात येत होतं आणि भरून येत होतं. दुपारनंतर शेवटची तार बसली. बटण दाबलं, आणि टेस्टिंगची मुलगी टुणकन उडी मारून नाचली. चिप चालत होती.

दादा दिवसभर आपल्या खोलीत बसून होते. घरी जाताना म्हणाले, "माझ्यामुळे पोराला मेलेलं झुरळ दाखवायची वेळ आली." वहिनींनी समजूत घातली, की भावोजींनीही तपासलंच होतं ना, त्यांनाही दिसलं नाही. दादा म्हणाले, "हो. तेवढं एक आहे."

गुरुवारी बाई आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, आणि एकदम मुद्द्यावर येणाऱ्या. उताणी चिप, तिच्या चहूबाजूंनी वर आलेल्या तारा बघून त्यांनी भुवया उंचावल्या. भावोजींनी काही झाकलं नाही. चिप चांगली आहे, पायांचं ड्रॉइंग चुकलं, पुढच्या खेपेला सरळ येतील, एवढं सांगून त्यांनी चिपची वायर जोडलेला बोंडू बाईंना कानात घालायला दिला. बाईंनी आपलं मशीन काढून ठेवलं. दुसऱ्या कानातलंही काढलं. बोंडू घातला आणि मग लगेच विचारलं:

"उद्या मी हजारो मागवल्या आणि त्या सगळ्या अशा उताण्या आल्या, तर?"

प्रश्न बरोबर होता. भिंतीला टेकून दादा उभे होते, ते ताठ झाले.

"आमच्याकडे दुसऱ्याने तपासल्याशिवाय ड्रॉइंग बाहेर जात नाही," भावोजी म्हणाले. "हे गेलं. तपासायचं काम माझं होतं. मी त्यावर पेन्सिल फिरवली नाही. नुसती सही केली."

"का?"

"काढणारा माझा मोठा भाऊ आहे."

बाईंना त्यातून काही बोध झाला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर दिसलंच ते. पण दादांना झाला. ते भिंतीपासून सुटे झाले आणि तिथेच, गिऱ्हाइकासमोर, घरच्या भाषेत कडाडले.

"बारक्या, काय म्हणालास तू?"

"दादा, आपण नंतर बोलू."

"नंतर नाही, आत्ता! तपासलंच नव्हतंस? सोमवारी सगळ्यांसमोर म्हणालास की तपासणारा मी!"

"तपासणारा मीच होतो. तपासलं नाही, हे सांगायला जीभ रेटली नाही. दादा, तुझं काम मी काय तपासू? मला रस्ता ओलांडायला तू शिकवलंस. तुझ्या रेघेवर मी लाल पेन्सिल मारू?"

"मग मी इथे आहे कोण? शोभेचा? त्या पोरीच्या कामावर पेन्सिल फिरते, तुझ्या स्वतःच्या कामावर फिरते, आणि माझ्यावर नुसती सही? म्हातारा आहे, राहू दे एका कोपऱ्यात, असंच ना?"

"असं कसं बोलतोस? मी मान ठेवला तुझा!"

"मान ठेवलास, आणि माणूस काढून टाकलास!"

खाली टायरवाल्याने नेमकी तीच वेळ साधून हातोडा घालायला सुरुवात केली. पंप सुटला. वर दोघे भाऊ एकाच वेळी बोलत होते, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. वहिनींना वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. एवढं करून मिळवलेलं गिऱ्हाईक, आणि हे दोघे त्याच्यासमोर पोरांसारखे भांडताहेत! त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई एक हात कानाशी धरून अगदी स्थिर बसल्या होत्या.

"हे काय चाललंय?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"भांडताहेत," वहिनी म्हणाल्या. आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं!

"कशावरून?"

"चूक कोणाची, यावरून."

"आणि कोण कोणावर ढकलतंय?"

"कोणीच नाही. दोघंही आपल्याकडे ओढताहेत."

तिकडे भावोजी म्हणत होते, "चूक माझी आहे दादा, संपलं!" आणि दादा, डोळ्यांत पाणी येऊनही आवाज न उतरवता, म्हणत होते, "तुझी कशी? रेघा मी ओढल्या. चूक माझी आहे. ती तरी माझ्याकडे राहू दे, बारक्या!"

"बारक्या," बाई म्हणाल्या.

त्यांनी तो शब्द इतका स्वच्छ उच्चारला, की दोघेही भाऊ गप्प झाले.

"मघापासून हा शब्द येतोय," बाई म्हणाल्या. "हे मोठे गृहस्थ म्हणताहेत, ते नाही म्हणत. म्हणजे काय?"

"धाकट्या भावाला म्हणतात," वहिनींनी सांगितलं. "लाडाने."

बाईंनी बोंडू कानातून काढला, तळहातावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या. "मला तुमच्या भाषेतलं अक्षरही येत नाही," त्या म्हणाल्या. "दोन माणसं एकदम ओरडताहेत, खाली कोणी लोखंड बडवतंय. माझं रोजचं मशीन असतं तर मी ते केव्हाच काढून पिशवीत टाकलं असतं. आणि यात मला कोण काय बोललं ते वेगवेगळं ऐकू आलं." त्यांनी बोंडू मुठीत घट्ट धरला. कितीतरी वर्षांनी त्यांनी एक धड भांडण ऐकलं होतं. मग त्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "चिप मला हवी आहे. नवं ड्रॉइंग मात्र तपासून पाठवा."

खोलीत एकच कल्ला झाला. टेस्टिंगच्या मुलीने वहिनींना मिठी मारली. त्या गडबडीत दादा कधी जिना उतरून गेले, ते कोणाला कळलंच नाही.

शुक्रवारी दादा ऑफिसला गेले नाहीत. शनिवारीही नाही. दोन्ही दिवस वहिनींनी भावोजींचा एकच डबा भरून नेला. "शिक्क्यांच्या दुकानात विचारून आलो," त्यांनी जेवताना सांगितलं. "ते घ्यायला तयार आहेत. तिथे माझं काम चुकलं तर मालक तोंडावर सांगतो तरी." वहिनींनी त्यांच्या ताटात भात वाढला. नवऱ्याचं चुकतंय असं त्यांना वाटेना, आणि दिराचं चुकलं असं म्हणायला जीभ उचलेना. या दोघांनी एकमेकांशिवाय काही केलंय असं त्यांना आठवतच नव्हतं.

रविवारी सकाळी त्या उठल्या तेव्हा दादा जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून बसले होते. पायांचं नवं ड्रॉइंग होतं ते. "हे शेवटचं," ते म्हणाले. "त्याला देऊन टाक. माझ्यामुळे अडायला नको."

दुपारी भावोजी आले. दाराशीच थांबले. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. एवढी मोठी ऑर्डर मिळालेला माणूस असा दिसत नाही. वहिनींनी त्यांना दारातच अडवलं.

"पाय धरून माफी मागायला आला असाल, तर आल्या पावली परत जा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तेवढं केलंत की ते आणखी चिडतील. मानाने पोट भरलंय त्यांचं."

"मग मी काय करू, वहिनी?"

"टेबलावर काम पडलंय. करा."

भावोजी आत आले. दादा खिडकीशी पाठमोरे बसले होते, त्यांनी वळून पाहिलं नाही. भावोजी टेबलाशी बसले. खिशातून दोन पेन्सिली काढल्या आणि पहिल्या रेघेवरून पिवळी फिरवायला सुरुवात केली. घरात कागदावरच्या पेन्सिलीशिवाय दुसरा आवाज नव्हता. वहिनी ओट्याशी उभ्या राहून तीच एक पातेली पुसत होत्या.

अर्धा कागद पिवळा झाला आणि पेन्सिल थांबली. भावोजींनी मागे जाऊन पुन्हा पाहिलं. मान वाकडी करून पुन्हा एकदा पाहिलं. मग पिवळी पेन्सिल खाली ठेवली, आणि लाल उचलली नाही. वहिनींना तिथूनही दिसलं, की ज्या बोटांनी केसाएवढ्या तारा जोडल्या त्यांना आता एक पेन्सिल उचलवत नव्हती.

"दादा," ते म्हणाले. "दादा, हे चुकलंय."

आयुष्यात पहिल्यांदा.

दादा उठले. चष्मा लावत टेबलापाशी आले. "काय चुकलंय? नीट बघ."

"नीटच बघितलंय. सातव्या पायाची रेघ आठव्याला गेलीय."

दादा कागदावर वाकले. वहिनींच्या मनात एकदा येऊन गेलं, की या माणसाने मुद्दाम तर घोळ घालून ठेवला नाही? पण त्यांनी नवऱ्याचे कान पाहिले. खरंच पकडला गेला की त्याचे कान असे लालबुंद होत, लग्न झाल्यापासून त्या बघत आल्या होत्या. चूक खरी होती.

दादांनी त्या रेघेवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि भावाच्या हातात दिली.

"मग मार ना लाल," ते म्हणाले. "बघत काय बसलायस?"

भावोजींनी लाल गोल काढला. गोल वेडावाकडा आला, कारण त्यांना समोरचं धड दिसत नव्हतं. दादांनी खुर्ची ओढली आणि ते भावाला खेटून बसले.

"पुढे चल," ते म्हणाले. "आणखी असेल एखादी. आणि अगं, उद्या डबे दोन भर."